पहिल्या नोंदणीची तारीख

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘८१-अ’पासून पुढे काही नवे नियम घातले. त्यांत व्हिंटेज गाडीची व्याख्या दिली आहे. गाडी दुचाकी किंवा चारचाकी असावी, पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली असावीत, ती मूळ रूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पनवेलमध्ये वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी राहिलेली फियाट दुरुस्त करावी की भंगारात काढावी, असा प्रश्न ज्याच्यापुढे आहे त्याने आधी ही व्याख्या वाचावी. गाडी चालते का, हे तीत विचारलेलंच नाही. तीत विचारलंय ते तारखेबद्दल आणि मूळपणाबद्दल, आणि दोन्ही गोष्टी पुराव्याने दाखवाव्या लागतात. सहसा आपण उलट करतो. आधी मिस्त्रीला बोलावतो, बॉनेट उघडतो, ‘इंजिन जाम आहे का?’ विचारतो. माझं म्हणणं असं की बॉनेट सर्वांत शेवटी उघडावं. आधी कपाटातली फाइल उघडावी, मग गाडीखाली आडवं होऊन पत्रा पाहावा, आणि इंजिनाचा विचार त्यानंतर करावा.

इथे मी फियाट आणि तिचंच पुढचं नाव असलेली पद्मिनी धरून चाललो आहे. पनवेलपासून पस्तीसेक किलोमीटरवर, कुर्ल्यात ती बनत होती. शिवाय या गाडीबद्दल छापील आणि सरकारी कागद इतके उरले आहेत की एखाद्या घरातली फाइल फाटकी असली तरी तिच्या दोन पानांमधली मोकळी जागा बरीचशी भरून काढता येते.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करावी लागते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या माणसाने जहाजं आणि विमानं यांच्या जोडीला मोटारींचा कारखाना काढायचं मनात घेतलं. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा खटाटोप वाचायला मिळतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या परवान्यावरची पहिली वाहनं बाहेर पडली. फियाटशी करार त्यानंतरचा. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा मोटार उद्योगावरचा अहवाल आला आणि सरकारने स्पष्ट केलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना यापुढे इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना आणि फोर्ड या दोघांनीही मग गाशा गुंडाळला. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले. ज्या गाडीने त्यांची कंपनी घरोघर पोचली, ती फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली १९५४ मध्ये. ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

हा तपशील जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. १९५४ च्या गाडीत इटलीतून आलेले भाग भरपूर, आणि नंतरच्या प्रत्येक वर्षी इथल्या भागांचं प्रमाण वाढत गेलेलं. त्यामुळे ‘मूळ भाग’ म्हणजे काय, याचं उत्तर गाडीच्या सालाप्रमाणे बदलतं. पन्नासच्या दशकातल्या ‘डुक्कर फियाट’ला, म्हणजे गोल पाठीच्या आणि पुढची दारं उलटी उघडणाऱ्या गाडीला, इटालियन भाग शोधणं योग्य. सत्तरच्या दशकातल्या गाडीवर हौसेने इटलीहून मागवलेली चकचकीत ग्रिल बसवली, तर तो तिच्या इतिहासातला खोटा दाखला होतो.

आरसी बुकावर ‘मेकर’ म्हणून काय लिहिलंय, यावरून साल बरंच नेमकं काढता येतं. ‘फियाट ११००’ असेल तर ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. फियाटशी असलेला करार संपल्यावर मोजका काळ याच गाडीवर ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ असं नाव आलं, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच. बदललं ते नाव आणि काही बाह्य तपशील. प्रेसिडेंटचा काळ थोडका, म्हणून मागच्या पत्र्यावर ‘प्रेसिडेंट’चा मूळ बॅज असलेली आणि आरसीतही तेच नाव असलेली गाडी कोणी भंगारात देत असेल, तर त्याचा हात धरावा असं मला मनापासून वाटतं.

त्या काळात गाडी घेणं म्हणजे काय होतं, हेही कागद सांगतात. १९५९ च्या एका नियंत्रण आदेशाने मोटारींचं वाटप आणि विक्री सरकारने बांधून टाकली होती. नाव नोंदवून थांबायचं, आणि मिळालेली नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकायची नाही. १९६९ मध्ये किमतीही आदेशाने ठरल्या आणि उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल १९७२ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला आहे. गाडीची रास्त किंमत काय असावी, उत्पादन-खर्च कसा मोजावा, नफा किती धरावा, याचा न्यायालयाने केलेला हिशेब त्यात आहे. अशा काळातली खरेदीची पावती किंवा नोंदणीची चिठ्ठी घरात निघाली, तर ती गाडीच्या काचेइतकीच जपण्याजोगी.

गाडी बनवणारे हातही न्यायालयाच्या कागदांतच भेटतात. कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके’ हा १९७५ चा निकाल माहीत असतो. कुर्ल्याच्या कारखान्यात उत्पादनावर मिळणाऱ्या प्रोत्साहन भत्त्याच्या कराराचा तो वाद. दोन कामगार संघटना, एकीने केलेला करार दुसरीच्या सभासदांना मान्य नाही, आणि हा तंटा दिवाणी न्यायालयात चालू शकतो का, हा कायद्याचा प्रश्न. वकील त्यातलं कायद्याचं सूत्र उचलतात. मी तो वाचतो तेव्हा मला दिसतं की त्या वर्षांतल्या प्रत्येक फियाटीच्या पत्र्यामागे माणसाचे तास मोजलेले आहेत आणि त्या तासांवरून माणसं भांडलेली आहेत. ‘इटालियन गाडीची देशी नक्कल’ असं म्हणून या गाडीला हलकं लेखणाऱ्यांनी हे निकाल एकदा तरी वाचावेत.

आता घरातली फाइल.

आरसी बुकाचं पहिलं पान म्हणजे नोंदणीची तारीख, उत्पादनाचं साल, चासी नंबर, इंजिन नंबर, रंग. उत्पादनाचं साल आणि नोंदणीची तारीख यांत अंतर असू शकतं, आणि ते किती असू शकतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मात्र ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या हिशेबाने तिचं वय आधीच उलटलेलं होतं, पण कायदा नोंदणीची तारीख मोजतो. व्हिंटेजच्या पन्नास वर्षांनाही हाच हिशेब लागू आहे. गाडीच्या काचेवर कोरलेलं किंवा घरच्यांच्या तोंडी असलेलं साल कामाचं नाही. आरसीतली पहिली तारीख पाहावी.

नंबरही बोलतो. ‘एमएच’ आणि पुढे दोन आकडी जिल्हा-संकेत ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. जुन्या गाडीवर नवा ‘एमएच’ नंबर असेल तर मध्ये काहीतरी घडलंय: परराज्यातून आलेली गाडी, जुना कागद हरवून नव्याने झालेली नोंदणी, किंवा आणखी काही. ते काय घडलं हे समजेपर्यंत पुढे पैसा घालू नये. पत्त्याचीही तीच गोष्ट. जिल्हा ‘कुलाबा’ लिहिलेला असेल तर ती नोंद बहुधा १९८१ च्या आधीची, कारण १ जानेवारी १९८१ पासून हा जिल्हा रायगड झाला. पनवेलच्या गाड्या पुढे पेणच्या ‘एमएच ०६’खाली आल्या, आणि पनवेलला स्वतंत्र कार्यालय झाल्यावर ‘एमएच ४६’. एखाद्या आरसीवर पहिला पत्ता मुंबईचा आणि दुसरा पनवेलचा असेल, तर तेही त्या काळाशी जुळतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. त्याआधी मुंबईहून रस्त्याने पनवेलला यायचं म्हणजे ठाण्याचा वळसा होता.

आठवणींचं काय करायचं? घरात हमखास एक गोष्ट असते: ‘ही अमक्या आमदारांची गाडी होती’ किंवा ‘या गाडीतून तमका नट आला होता’. अशी गोष्ट टाकून देऊ नये आणि तिच्यावर बोलीही लावू नये. लालबहादूर शास्त्रींची फियाट हे याचं चांगलं उदाहरण. पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ ची फियाट घेतली, बारा हजारांची; सात हजार होते, पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं. ताश्कंदला ११ जानेवारी १९६६ ला ते गेले आणि उरलेलं कर्ज ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. या कहाणीचा मोठा भाग त्यांचे पुत्र अनिल शास्त्री यांनी सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. पण तिच्याखाली गाडी आहे, ‘डीएलई ६’ हा तिचा नंबर आहे, आणि ती दिल्लीत शास्त्रींच्या स्मारकात उभी आहे. नंबर आणि वस्तू हातात आहेत म्हणून आठवणीला वजन आलं. पनवेलमधल्या गाडीबद्दलच्या गोष्टीला हीच कसोटी लावावी. आरसीच्या मालकांच्या यादीत ते नाव आहे का? नसेल, तर एखादा फोटो, ज्यात नंबर वाचता येतो? तेही नसेल तर गोष्ट ‘घरची आठवण’ म्हणून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावी. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालावी, आणि गाडीच्या किमतीत ती धरू नये.

पुढचा कागद म्हणजे गाडीचा पत्रा. त्यालाही मी दस्तऐवजच मानतो.

फियाटला वेगळी चासी नाही. जुन्या जीपला खाली लोखंडी फ्रेम असते, वरची बॉडी सडली तर दुसरी चढवता येते आणि जीप तीच राहते. फियाटचं कवच हाच तिचा सांगाडा. दाराखालचे सिल, तळाचा पत्रा, दारांचे खांब, मागचे पाटे जिथे अडकवतात त्या जागा, हे सगळं मिळून गाडी उभी असते. म्हणून पनवेलसारख्या ठिकाणी गंज हा रंगाचा प्रश्न राहत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जवळ खाडी, आणि पावसाळ्यानंतरही पायपुसण्यांखाली धरून राहणारा ओलावा. २६ जुलै २००५ चं पुराचं पाणी ज्या गाडीत शिरलं असेल तिच्या सिलच्या पोकळीत आजही गाळ सापडू शकतो. तो गाळ ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो, आणि पत्रा आतून खात राहतो.

पाहायचं कसं, हे चांगले डेंटिंगवाले जाणतात. जॅक लावून एका बाजूने गाडी उचलावी आणि दार उघडून परत लावून पाहावं. दार अडकलं तर कवच वाकतंय असं समजावं. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बाजूच्या पत्र्यावरून फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे लांबी भरलेली आहे, आणि लांबीचा थर जितका जाड तितका आतला पत्रा कमी. मग रबर बीडिंग हळूच उचलून, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीच्या कोपऱ्यात मूळ रंग शोधावा. आरसीत लिहिलेला रंग तिथे सापडला तर कागद आणि वस्तू एकमेकांची साक्ष देतात. शेवटी चासी नंबर आणि इंजिन नंबर. त्यावर पेन्सिल घासून छाप घ्यायचा आणि आरसीशी अंक न् अंक ताडायचा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद आरसीत नसेल, तर कायद्याच्या आणि इतिहासाच्या, दोन्ही हिशेबांनी गाडी कमी झाली.

नियमातली खरी अडचण इथेच आहे. ‘मूळ रूपात जपलेली, बॉडी शेलमध्ये फेरफार न झालेली’ ही अट, आणि कोकणच्या पावसात पन्नास वर्षं काढलेली, कवचावरच उभी असलेली गाडी. तळ सडलेला असेल तर नवा पत्रा जोडल्याशिवाय ती रस्त्यावर येऊच शकत नाही. किती पत्रा बदलला म्हणजे तो मोठा फेरफार? नोंदणीआधी राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते. तिच्यासमोर बोलायचं तर कामाआधीचे, कामाच्या मधले आणि नंतरचे फोटो हाच आधार. माझं मत असं की सडलेला तुकडा तेवढाच कापून त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा त्याच जागी जोडणं ही दुरुस्ती आहे. छताचा आकार बदलणं, चाकं रुंद करण्यासाठी मडगार्ड कापणं, दुसरं इंजिन बसवण्यासाठी पुढचा भाग बदलणं हा फेरफार.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, २०१२ मध्ये एक सनद स्वीकारली. ती तुरीनची सनद म्हणून ओळखली जाते, आणि १८९९ मध्ये फियाट जन्मली तेही तुरीनच. इमारतींच्या संवर्धनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसमध्ये झालेल्या सनदेचा विचार तिने गाड्यांना लावला. गाडी पहिल्यांदा जपावी, झीज थांबवावी, आणि पुनर्बांधणी अगदी गरजेपुरती. वापराच्या खुणा हाही इतिहासाचा भाग. आपल्याकडे याच्या नेमकं उलट होतं. ‘रिस्टोर’ म्हटलं की गाडी पत्र्यापर्यंत खरवडून, कारखान्यात कधी नव्हता असा मेटॅलिक रंग देऊन आणि पांढऱ्या चामड्याच्या सीट शिवून मिळते. पाच थरांखालचा मूळ रंग, मालकाने लावलेली मोटारींच्या क्लबची पाटी, टॅक्सचं जुनं टोकन, सगळं एका दिवसात जातं. त्या दिवशी गाडी नवी होते आणि तिची साक्ष संपते. लाखभर रुपये खर्चून एखादा पुरावा नष्ट करण्यापेक्षा, पत्र्याची झीज थांबवून, ब्रेक आणि वायरिंग करून, फिकट रंगातच चालवलेली गाडी मला कितीतरी मोलाची वाटते.

कागदांची कायदेशीर बाजूही तपासावी लागते, आणि पनवेलमधली पुष्कळ चांगली मनं इथेच थकतात. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले. नियम सांगतो की मृत्यूची माहिती तीस दिवसांत कळवावी आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी. प्रत्यक्षात तीस-चाळीस वर्षं कोणी काही केलेलं नसतं. वारस तीन-चार असले तर सर्वांची संमती हवी. १९८८ च्या कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते थांबलेलं असेल तर शुल्क, दंड, पर्यावरण कर साचलेले असतात. जुन्या नोंदी संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत आलेल्याच नसतील तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी दहा हजार. व्हिंटेजचा मार्ग निवडला तर नवी नोंदणी वीस हजारांची, दहा वर्षांसाठी, आणि पुढचं नूतनीकरण पाच हजारांचं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र व्हिंटेज गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. ज्याला रविवारी नातवंडांना घेऊन कर्नाळ्याला जायचंय त्याने साधी नोंदणीच चालू करून घ्यावी. दिल्ली परिसरातल्यासारखी पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची बंदी इथे नाही.

इंजिनाबद्दल मी इतकं थोडं बोलतोय, कारण या गाडीचं ते सर्वांत सोपं काम आहे. दशकानुदशकं टॅक्सी म्हणून चालल्यामुळे तिचे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, कार्ब्युरेटर यांची जाण असलेले मिस्त्री मुंबईत आणि आसपास आजही आहेत, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात भाग निघतात. हेड, बोअर, क्रँक यांचं काम होतं. कोणत्याही बाजारात न मिळणाऱ्या गोष्टी दोनच: पहिल्या मालकापासूनचे सलग कागद आणि न कापलेला मूळ पत्रा.

मग ठरवायचं कसं? कागद सलग, नंबर जुळतात आणि कवच दुरुस्तीजोगं, तर पैसे हळूहळू घालावे, पण गाडी सोडू नये. कागद सलग आहेत आणि पत्रा मात्र गेला, तर निर्णय अवघड. तरी ‘डुक्कर’, प्रेसिडेंट किंवा ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचा पनवेलच्या इतिहासाशी खरा संबंध आहे अशी गाडी असेल, तर ती चालती न करता, गंज थांबवून, छपराखाली नुसती ठेवण्यानेही तिचं मोल राहतं. जुन्या गॅझेटिअरमध्ये पनवेलच्या बैलगाड्यांच्या चाकांच्या धंद्याची नोंद आहे. त्यातलं एक चाक तारखेसकट कोणी जपून ठेवलं असतं तर आज आपण ते किती कौतुकाने पाहिलं असतं. पत्रा उत्तम पण कागद नाहीत, तर खरेदी करू नये. आपलीच असेल तर आधी नोंदी मिळवण्याचा प्रयत्न करावा. आणि जिचा नंबर जुळत नाही, इंजिन नोंदीविना बदललंय, सिल हाताने तुटतात, अशी शेवटच्या वर्षांतली पद्मिनी असेल, तर तिची ग्रिल, दिवे, दारांच्या कड्या आणि काचा दुसऱ्या गाडीला द्याव्यात.

अशी गाडी भंगारात द्यायची तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्यावी. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रीतसर रद्द होते, म्हणजे तो नंबर उद्या दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरत नाही. पण त्याआधी आरसी बुकाचं प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, स्कॅन करावं. चासी आणि इंजिन नंबरचे पेन्सिलचे छाप घ्यावेत. गाडीचे चारही बाजूंचे, तळाचे आणि डॅशबोर्डचे फोटो काढावेत, आणि घरात कोणाला आठवतं ते लिहून घेऊन सांगणाऱ्याच्या नावासकट एकाच पाकिटात ठेवावं. पाकिटावर गाडीचा नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख लिहावी, आणि त्याची एक प्रत गावातल्या वाचनालयाला द्यावी.